वेगवान गोलंदाजाचा पावसाळा

जून लागला की कोल्हापुरातले क्रिकेट थांबते. गांधी मैदानात पाणी साठते, नेट उतरतात, मॅट गुंडाळून खोलीत जातात. पुन्हा खेळ सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडतो. हे चार महिने वाया गेले असे बहुतेक घरांत समजतात. पण वेगाने गोलंदाजी करणाऱ्या मुलाची किंवा मुलीची अ‍ॅक्शन दुरुस्त करायला वर्षभरात यापेक्षा चांगला काळ मिळत नाही. अ‍ॅक्शन म्हणजे धाव सुरू केल्यापासून चेंडू सुटून शरीर थांबेपर्यंतची सगळी हालचाल. हंगामात दर रविवारी सामना असतो, मुलाला विकेट हवी असते आणि नवी सवय अंगवळणी पडायच्या आत ते जुन्या पद्धतीवर परत जाते. पावसाळ्यात ती घाई नसते.

साधारण १२ ते १७ वर्षांच्या गोलंदाजांचे आईवडील आणि शाळांतले क्रीडाशिक्षक यांच्यासाठी हे सगळे टप्प्याटप्प्याने सांगतो. आपण स्वतः कधी चेंडू हातात घेतला नसेल तरी अडचण नाही. एक मोबाईल, पावसात न भिजणारी थोडी जागा आणि भरपूर धीर एवढे पुरेसे आहे.

कोल्हापूरचे क्रिकेट म्हटले की भाऊसाहेब निंबाळकरांच्या १९४८ सालच्या नाबाद ४४३ धावा निघतात, आणि ते योग्यच आहे. पण याच शहराच्या सदाशिव पाटलांनी १९५५ साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यूझीलंडविरुद्ध कसोटी खेळताना नवा चेंडू हाताळला आणि दोन्ही डावांत जॉन रीडला बाद केले, हेही इथल्या प्रत्येक गोलंदाज पोराला माहीत असायला हवे.

पहिली पायरी विश्रांतीची. हंगामातला शेवटचा सामना झाला की तीन ते चार आठवडे गोलंदाजी पूर्ण बंद ठेवा. पोहणे, सायकल, फुटबॉल, काहीही चालेल. खांदा, गुडघा आणि मुख्य म्हणजे पाठीचे हाड यांना सावरायला हा वेळ लागतो. इथे नेहमी होणारी चूक अशी, की लेदर बॉलचा हंगाम संपतो आणि दुसऱ्याच दिवशी टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा सुरू होतात. चेंडू हलका असला तरी धाव तीच, उडी तीच आणि पाय आपटणेही तेच. पाठीच्या दृष्टीने ती विश्रांती नव्हेच.

दुसरीकडे, चार महिने सलग काहीच न करणेही तितकेच वाईट. हाड सवयीने घट्ट होते आणि सवय सुटली की सैल पडते. म्हणून विश्रांती महिनाभराची, त्यानंतर कामाला लागायचे.

दुसरी पायरी चित्रण. मोबाईलमध्ये स्लो मोशन असते, म्हणजे हालचाल संथ करून दाखवणारे चित्रण. उघडीप मिळेल त्या दिवशी, किंवा एखाद्या झाकलेल्या नेटमध्ये, सहा-सात चेंडू टाकायला लावा. मोबाईल कमरेच्या उंचीवर स्थिर धरा. एकदा गोलंदाजाच्या पाठीमागून, एकदा क्रीजच्या रेषेत बाजूने आणि एकदा फलंदाजाच्या बाजूने नेटच्या आडून चित्रण घ्या. हातात धरून मोबाईल त्याच्यामागे फिरवू नका. चित्र हलले की काहीच कळत नाही.

मग ते चित्रण चार जागी थांबवून बघा: मागचा पाय टेकतो तो क्षण, पुढचा पाय टेकतो तो क्षण, चेंडू हातातून सुटतो तो क्षण, आणि त्यानंतरची चार पावले. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा मागचा पाय म्हणजे उजवा आणि पुढचा म्हणजे डावा. पुढे सगळीकडे उजव्या हाताचेच उदाहरण धरले आहे. डावखुऱ्यासाठी बाजू उलटी करून घ्यावी.

मागचा पाय टेकतानाचे चित्र सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथे जरा थांबू. काही गोलंदाजांचा मागचा पाय क्रीजला समांतर पडतो आणि डावा खांदा फलंदाजाकडे असतो. याला साइड-ऑन म्हणतात, म्हणजे आडवी अ‍ॅक्शन. काहींचा पाय फलंदाजाच्या दिशेने पडतो आणि छातीही तिकडेच असते. ती फ्रंट-ऑन, समोरची अ‍ॅक्शन. या दोन्हींच्या अधेमध्ये पडणारेही पुष्कळ असतात. यांतली कुठलीही चालते. कंबर आणि खांदे एकाच दिशेला असले म्हणजे झाले.

घोटाळा होतो तो मिश्र अ‍ॅक्शनमध्ये. पाय आणि कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या दिशेला. बरेचदा पोर समोरच्या अ‍ॅक्शनने उडी घेते आणि मग जोर मिळावा म्हणून पुढचा पाय टेकायच्या आत खांदे झटकन आडवे फिरवते. पाठीमागून घेतलेल्या चित्रात हे ओळखता येते: मागचा पाय टेकताना पूर्ण पाठ दिसते आणि पुढचा पाय टेकेपर्यंत ती अर्धी लपते. पाठ आधीच मागे कललेली आणि एका बाजूला वाकलेली असते; त्यात हा पीळ पडतो. कमरेच्या मणक्यांच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद पूल असतो. हे तिन्ही ताण एकदम येतात ते नेमके त्या पुलावर.

त्या क्षणी पुढचा पाय जमिनीवर आपटत असतो आणि जमीन शरीराला वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहून जास्त जोराने परत ढकलते. ५० किलोच्या पोराच्या बाबतीत तो मार दर चेंडूला अडीचशे-तीनशे किलोंच्या घरात जातो. हाड एका फटक्यात मोडत नाही, पण त्याला बारीक भेग पडत जाते. हेच स्ट्रेस फ्रॅक्चर, ताणाने पडलेली भेग. डेनिस लिलीला १९७३ साली पाठीच्या अशाच दुखण्याने गाठले होते आणि जसप्रीत बुमराहला पाठीमुळे सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ एवढा काळ बाहेर बसावे लागले, शस्त्रक्रियाही करावी लागली. ती पूर्ण वाढ झालेली शरीरे होती. चौदा वर्षांच्या पोराचे हाड अजून पक्के झालेले नसते.

म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम: पाय जिकडे, खांदे तिकडे. आपल्याकडे अजूनही सरसकट प्रत्येक पोराला ‘साइड-ऑन हो’ म्हणून सांगतात. हा सल्ला फार नुकसान करतो. ज्याचा पाय नैसर्गिकपणे समोर पडतो त्याचे खांदे जबरदस्तीने आडवे केले, की आपण स्वतःच्या हाताने मिश्र अ‍ॅक्शन तयार करतो. पाय कसा पडतो ते आधी बघावे आणि खांदे त्याच्याशी जुळवावेत.

उरलेल्या तीन चित्रांत फक्त ठळक दोष शोधा. पुढचा पाय टेकताना गुडघा खचतो का? डोके डावीकडे कलंडते का? चेंडू सुटल्यावर गोलंदाज सरळ फलंदाजाच्या दिशेने चार पावले जातो, की तिथेच थबकतो? यांतला एकच दोष या पावसाळ्यासाठी निवडा. एकाच वेळी पाच गोष्टी सांगितल्या, की पोर धावताना विचार करत राहते आणि जे बरे होते तेही बिघडते.

तिसरी पायरी ताकदीची, आणि इथे आपण कोल्हापूरकर नशीबवान. गल्लोगल्ली तालीम आहे. वेगवान गोलंदाजाला लागते ते पायांत, कुल्ल्यांत आणि धडात बळ. हात शेवटी येतो. गोफणीने दगड मारणाऱ्याचा जोर जसा पायांतून आणि कमरेतून दोरीत उतरतो, तसा चेंडूचा वेग जमिनीतून, पाय, कंबर, धड, खांदा असा चढत बोटांपर्यंत पोचतो. मधली एक जागा जरी ढिली असली तरी बाकीचा भार हाताला आणि पाठीला उचलावा लागतो.

बैठका उत्तम. आठवड्यातून तीन दिवस, गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकतो आहे याकडे लक्ष देऊन. त्यासोबत पायरीवर एका पायाने चढणे-उतरणे, पाठीवर झोपून कुल्ले उचलणे आणि टाचा उचलून उभे राहणे. धडासाठी प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पावलांवर शरीर फळीसारखे ताठ धरणे. हाच प्रकार एका कुशीवर करायलाही विसरू नये. दोर चढता येत असेल तर खांद्यासाठी त्याच्यासारखे काही नाही.

जोर मारताना मात्र एक काळजी घ्या. पारंपरिक जोरात शेवटी छाती वर येते आणि कंबर खोल मागे वाकते. पैलवानाला त्याचा फायदा असेल, पण गोलंदाजाच्या पाठीचा तोच कोपरा आधी थकलेला असतो. त्याने कंबर सरळ ठेवून साधे जोर मारावेत. हे वस्तादांना आधीच सांगून ठेवले तर बरे, ते ऐकतात. वजने उचलायची असतील तर शिकवणारे जाणते माणूस शेजारी हवे. आणि पन्हाळ्यापर्यंत धावत जाण्याचा आग्रह धरू नका. गोलंदाजाचे काम वीस-तीस मीटरच्या धावेचे आहे. कोरड्या जागेत वीस मीटरच्या सहा-आठ वेगवान धावा, मध्ये पूर्ण दम खाऊन, याचा उपयोग जास्त होतो.

ताकदीचा दुसरा अर्धा भाग खाण्यात आणि झोपेत आहे. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचे धारोष्ण दूध ही इथली चैन आहे, पण घरी तापवलेले दूधही हाडांना तेवढेच देते. पावसाळ्यात ऊन कमी मिळते, त्यामुळे ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. मुलगी गोलंदाजी करत असेल आणि तिची पाळी अनेक महिने चुकत असेल, तर ती गोष्ट संकोचाने दडपू नका. पुरेसे न खाल्ल्याची ती खूण असू शकते आणि त्याचा थेट संबंध हाडांच्या ताकदीशी असतो.

चौथी पायरी: जागेवर उभे राहून अ‍ॅक्शन. साधारण जुलैच्या मध्यापासून. हॉलमध्ये किंवा पार्किंगमध्ये जमिनीवर एक सरळ रेघ काढा. मैदानावर फक्की मारतात तशी इथे रंगीत पट्टी चिकटवली तरी चालेल. मुलाने मागचा आणि पुढचा पाय जिथे पडायला हवेत तिथे ठेवून उभे राहायचे, वजन मागच्या पायावर घ्यायचे, डावा हात उंच करायचा आणि मग पुढे झुकत हात फिरवायचा. चेंडू हातात नाही, किंवा असलाच तर मोजा गुंडाळून केलेला मऊ गोळा.

सावकाश करायचे, इतके सावकाश की कुठल्याही क्षणी ‘थांब’ म्हटले तर तोल न जाता थांबता यावे. डावा हात वरून खाली कमरेजवळून मागे गेला पाहिजे. तो बाजूला भिरकावला तर डोकेही त्याच्याबरोबर बाजूला जाते. मागचा गुडघा चेंडू सुटल्यावर फलंदाजाच्या दिशेने पुढे आला पाहिजे. दिवसाला वीस-पंचवीस वेळा, आठवड्यातून चार दिवस पुरे. आठवड्यातून एकदा पुन्हा चित्रण करा आणि पोराला स्वतःला बघू द्या. आपण दहा वेळा सांगून जे होत नाही ते त्याने स्वतः पाहिल्यावर होते.

इथे कंटाळा येतो. पोर म्हणते, चेंडू कधी टाकायचा? बहुतेक घरांत याच ठिकाणी माघार होते आणि गच्चीवर पूर्ण वेगाने गोलंदाजी सुरू होते. गच्चीचे किंवा पार्किंगचे काँक्रीट पुढच्या पायाला जराही झेल देत नाही. त्या जागेवर चालण्यापलीकडचा वेग नको.

पाचवी पायरी ऑगस्टची. आता तीन पावले चालत येऊन चेंडू टाकायचा, नंतर पाच पावले हलके धावत. वेग निम्मा. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी २४ चेंडूंपेक्षा जास्त नको. समोर फलंदाज नको, स्टंपही नकोत. एक टॉवेल टप्प्यावर टाकून ठेवा. फलंदाज उभा राहिला की पोर त्याला बाद करायच्या मागे लागते आणि अ‍ॅक्शन विसरते.

चेंडूचे वजनही बघून घ्या. मोठ्या पुरुषांच्या क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा आणि १३ वर्षांखालील मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. बारा वर्षांच्या लहान हातात मोठा चेंडू दिला, की तो पकडीत बसत नाही आणि पोर कोपर वाकवून फेकू लागते. नियमाप्रमाणे हात खांद्याच्या रेषेत आल्यावर कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. फेकी गोलंदाजीची सवय एकदा लागली, की ती मोडायला पुढचे दोन पावसाळे जातात.

सहावी पायरी रनअपची, म्हणजे धाव घेण्याची. सप्टेंबरात उघडीप वाढली की मैदानावर जा. मुलाला क्रीजपासून उलट दिशेने मोकळे धावू द्या आणि वाटेल तिथे चेंडू टाकायला सांगा. पाय कुठे पडला तिथे खूण करा. असे सात-आठ वेळा केले की बहुतेक खुणा एका जागी जमतात. तेवढे त्याचे रनअप. ते अंतर टेपने मोजून वहीत लिहून ठेवा. पावलांनी मोजू नका, कारण वाढत्या वयात पाऊल दर दोन-तीन महिन्यांनी लांबते आणि मग नो-बॉल पडू लागतात. टीव्हीवर बघून लांबलचक रनअप घेणारे पोर क्रीजपर्यंत येईतो दमलेले असते. बारा-चौदा पावलांची एकसारखी धाव त्यापेक्षा किती तरी चांगली.

जमीन ओली असेल तर त्या दिवशी परत यावे. पुढचा पाय घसरला की जांघेचा स्नायू दुखावतो आणि महिनाभर जातो.

सातवी पायरी हिशेबाची, आणि माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित. अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये लिटल लीगने २००७ पासून प्रत्येक पोराने टाकलेला चेंडू न् चेंडू मोजायला सुरुवात केली, कारण वाढत्या कोपरांची खराबी होत होती. तिथला पिचर म्हणजे आपला गोलंदाजच. फरक एवढाच की त्याचे कोपर दुखते आणि आपल्या पोराची पाठ. आपल्याकडे हिशेब ठेवतात तो धावांचा आणि विकेटचा. आपण एक वही घाला: तारीख, सराव की सामना, किती चेंडू, पाठ कशी आहे. टेनिस बॉलचे चेंडूही त्यात धरा.

वाढ किती करायची? सप्टेंबरात आठवड्याला तीन दिवस, पहिल्या आठवड्यात दर दिवशी चार षटके, मग दर आठवड्याला एकेक षटक जास्त. वेगही असाच हळूहळू चढवायचा. सलग दोन दिवस गोलंदाजी नाही. सर्वांत जास्त दुखापती होतात त्या अशा: पावसाळाभर शून्य चेंडू आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दहा षटके. सामन्यातल्या मर्यादेसाठी इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे वापरलेले आकडे उपयोगी आहेत: १३ वर्षांपर्यंत एका स्पेलमध्ये ५ आणि दिवसात १० षटके, १४-१५ वर्षांखाली ६ आणि १२, १६-१७ वर्षांखाली ७ आणि १८. स्पेल म्हणजे एका दमात टाकलेली षटके.

दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची खूण करा. दोन-तीन महिन्यांत खुणा झपाट्याने वर सरकताना दिसल्या, तर त्या काळात षटके कमी करा. उंची भराभर वाढताना हाडे पुढे धावतात, स्नायू मागे राहतात आणि कालपर्यंत छान असलेली अ‍ॅक्शन अचानक विस्कटते. पोर आळशी झालेले नसते. त्याला रागावू नका, थोडे थांबा.

आता दुखण्याविषयी. सराव केल्यावर अंग भरून येते, ते दोन दिवसांत जाते. पण कमरेच्या खालच्या भागात एकाच बाजूला, उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या बहुधा डाव्या बाजूला, बोटाने दाखवता येईल असे दुखत असेल, गोलंदाजी केली की वाढत असेल आणि मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर त्याच दिवशी गोलंदाजी बंद. तेल चोळून घेणे, पट्टा बांधून खेळणे, दुखण्याची गोळी देऊन सामन्याला पाठवणे, हे तिन्ही प्रकार इथे सर्रास होतात आणि तिन्ही घातक आहेत. हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि मूल वेगवान गोलंदाज आहे हे आवर्जून सांगा. सुरुवातीची भेग साध्या एक्स-रेमध्ये बहुतेकदा दिसत नाही. एमआरआय करावा लागू शकतो. भेग लवकर सापडली तर काही महिन्यांच्या विश्रांतीने ती बहुधा भरून येते. तशीच रेटली तर हाड न जुळण्याची भीती असते.

ऑक्टोबरात पहिला सामना ठरला, की आदल्या दिवशी सरांना, प्रशिक्षकांना आणि कप्तानाला भेटून षटकांची मर्यादा सांगून या. त्या मैदानावर सगळ्यांत वेगवान पोर आपलेच असेल, सामना अटीतटीचा होईल आणि चेंडू पुन्हा त्याच्याच हातात द्यायचा मोह सगळ्यांना होईल. शाळांच्या आणि मंडळांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी ही मर्यादा नियमावलीतच लिहावी, म्हणजे प्रत्येक आईवडिलांना मैदानावर जाऊन विनवणी करावी लागणार नाही.